पोच मागितली की राग का येतो?

रानवारा: कालच्या चर्चेत एकाने लिहिलं, "पोलीस तक्रार घेत नाहीत ही नेहमीची रड आहे. कागद नीट न्या, घेतात." वाचून राहवलं नाही. मार्चमध्ये गावाकडच्या घराचं कुलूप फोडून आईच्या पाटल्या गेल्या. दोन प्रतींत अर्ज नेला. ठाणे अंमलदारांनी वाचला, पेपरवेटखाली सरकवला. "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." माझ्या प्रतीवर शिक्का मागितला तर आवाज चढला, "विश्वास नाही का आमच्यावर?" अशा पाच खेपा. १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलंय, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाला न विचारता तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर आली की एफआयआर घ्यायलाच हवा. घरफोडी दखलपात्र नाही?

जुना_खाकी: २८ वर्षं ठाण्यात काढलीत. निम्मे अर्ज बांधाचे आणि भाऊबंदकीचे असतात. कौटुंबिक, पैशांच्या व्यवहारातल्या प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा त्याच निकालात आहे. ती बरी गाळलीत!

रानवारा: आमच्या घरात भाऊबंदकी नव्हती, चोर होते. आणि चौकशी करायची तरी स्टेशन डायरीत नोंद हवी, हेही त्याच निकालात आहे.

मावशी_कोपरगाव: माझ्या मुलाचा मोबाइल एसटीत चढताना मारला. लिहून घेतलं "गहाळ". चोरी लिहा म्हटलं तर विचारतात, "हात घालताना पाहिलंत का?"

सांगलीकर: मला गहाळच्या दाखल्यावर दुसऱ्या दिवशी सिम मिळालं. तक्रार कसली?

मावशी_कोपरगाव: तुमचं सिमवर भागलं. माझ्या पोराने सुट्टीत हॉटेलात काम करून घेतलेला फोन होता. गहाळ म्हणजे त्याने हरवला, असंच झालं ना? तीन दिवस तो कोणाशी बोलला नाही.

सांगलीकर: भावना ठीक आहेत, पण पुरावा?

रानवारा: पुरावा शोधायचं काम कोणाचं? अर्जदाराचं?

जुना_खाकी: आवाज खाली ठेवा. चोरी लिहिली की गुन्हा उघड होईपर्यंत तो ठाण्याच्या डोक्यावर बसतो. क्राइम मीटिंगला आकडे विचारतात आणि झाडणी खालच्याला बसते. म्हणून गहाळ लिहितात. मीही लिहिलंय. चूक होती, एवढं मानतो. पण सगळं खापर ठाणे अंमलदारावर फोडू नका.

मावशी_कोपरगाव: आज मानलंत. त्या दिवशी मानलं असतंत तर?

वकिलीणबाई: रानवारा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम १७३(४) बघा. ठाण्यात नाकारलं तर अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायचा, तिथेही काही झालं नाही तर शपथपत्र जोडून दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. पाकिटाची पावती जपा.

रानवारा: अधीक्षकांना सोमवारी स्पीड पोस्ट केलं. टपालखात्याने पावती न मागता दिली, वर तारखेचा शिक्काही मारला. आई रोज विचारते, "घेतली का रे तक्रार?"