निरोप घ्यायचा की द्यायचा?

शाईचा_डाग: एका कार्यक्रमाचं निवेदन लिहितेय. वाक्य होतं, ‘आज आपण या लाडक्या मालिकेचा निरोप घेत आहोत.’ सासूबाई गवार मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “निरोप जाणारा घेतो. मी कुठं चाललेय? मी इथंच आहे, कोथरूडात, सोफ्यावर.” आता अडलंय. शिवाय ‘सीझन फिनाले’ (एका पर्वाचा शेवट) आणि ‘सीरिज फिनाले’ (अख्ख्या मालिकेचा शेवट) यांना वेगवेगळे मराठी शब्द हवेत. ‘महाअंतिम सोहळा’ नको, कृपया.

खोडरबर: सासूबाईंना नमस्कार सांगा. जुन्या मराठीत निरोप म्हणजे आज्ञा, अनुमती. गुरुचरित्रातले शिष्य गुरूंचा निरोप घेऊन निघतात ते याच अर्थानं. निघणारा घेतो, मागे राहणारा देतो. म्हणजे मालिका आपला निरोप घेते, आपण तिला देतो.

तळजाईचा_मोर: परवानगी? चॅनेलनं आम्हाला कधी विचारलं? आमच्या आईला बंद झाल्याचं कळलं ते त्या वेळेला भलतंच शीर्षकगीत लागलं तेव्हा.

नारायणपेठी: पण निरोप म्हणजे सांगावा ना? आमच्या वाड्यात फोन नव्हता. खालच्या किराणावाल्याकडे यायचा आणि त्याचा पोऱ्या चौकातून ओरडायचा, “काकू, निरोप आहे!” मला वाटतं, शब्द ‘नि-रोप’ असावा. रोप उपटलं की जी पोकळी राहते, ती.

खोडरबर: रोपाचा काही संबंध नाही हो. निरूपण, निरोपणे या घरातला शब्द आहे तो. सांगणे, मग आज्ञा करणे, मग ‘जा’ असं सांगणे.

दुपारचा_चहा: ‘रजा’ही त्याच वाटेनं गेलाय. मूळ अरबी, अर्थ संमती. आज नुसती सुट्टी उरली.

खोडरबर: म्हणूनच रजा नको. आणि ‘अखेरचा भाग’ही नको. ‘शेवटचा’ म्हणा.

दुपारचा_चहा: पुण्यात बसून फारसी-अरबी नको म्हणताय? ‘पेशवा’ कुठला शब्द, बघा एकदा.

खोडरबर: पेशव्यांना मध्ये आणू नका.

रागदारी: फिनालेला ‘भैरवी’ घ्या. सवाई गंधर्व महोत्सवात भैरवी सुरू झाली की शेवट आला हे कुणाला सांगावं लागत नाही. लोक डोळे पुसत चटया गुंडाळायला लागतात.

तळजाईचा_मोर: भैरवीला कलाकार तरी जागेवर असतो. इथं मूळ नायिका केव्हाच बदललेली.

नारायणपेठी: ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, ३,०००हून जास्त भाग. नावात चारच दिवस होते! तिला भैरवी म्हणायला गळा कुठून आणायचा?

शाईचा_डाग: मंडळी, सीझन फिनाले?

ओटी_अळूची: आमच्याकडे वेगळाच शब्द आहे. उत्तरपूजा झाली की गणपती जागचा जरासा हलवतात, मग तो निघाला असं समजायचं. मालिका आठवरून साडेदहाला नेली की आई म्हणते, “झाली उत्तरपूजा.” अजून एकदाही चुकलेली नाही. त्या दिवसापासून ती नवीन खलनायिकेचं नावसुद्धा लक्षात ठेवत नाही.

रागदारी: वा! याच्यापुढे भैरवी मागे घेतो.

खोडरबर: धार्मिक विधीचा शब्द असा वापरणं बरं नाही. ‘भरतवाक्य’ आहे की. नाटकाच्या शेवटचा, नेमका, आपला.

तळजाईचा_मोर: भरतवाक्यात सर्वांचं कल्याण मागतात. आमच्या मालिकेत शेवटच्या बावीस मिनिटांत तुरुंगातला दीर सुटला, सासू सुधारली, हरवलेली मुलगी सापडली आणि सगळ्यांनी एकत्र फोटो काढला. त्याला मराठीत एकच शब्द आहे, बोळवण.

दुपारचा_चहा: कोणती? गौरीची की आश्वासनावरची?

तळजाईचा_मोर: मालिकेची पहिली, प्रेक्षकांची दुसरी.

नारायणपेठी: बोळवण ‘बोळा’वरून आलाय का? दाराशी बोळापर्यंत सोडायला जाणं?

खोडरबर: नाही!!

शाईचा_डाग: निवेदन काल गेलं, ‘निरोप देत आहोत’ असं. सासूबाईंनी ऐकलं, “बरंय” म्हणाल्या आणि साडेसातची गवार सातलाच फोडणीला टाकली. सीझन फिनालेचा प्रश्न अजून तसाच आहे.

ओटी_अळूची: गवारीत गूळ घालतात का त्या?