कुबडीवाला अमर घरात ठेवला तर दारिद्र्य येतं म्हणे!

ठिकरी: परवा इथेच कुणीतरी लिहिलं होतं, 'चिनी मातीच्या आठ अमरांचा संच घेतलात तर कुबडीवाला भिकारी तेवढा काढून टाका, दारिद्र्य येतं. त्याजागी लाफिंग बुद्धा ठेवा.' वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, तो ली त्येग्वाई, ताओ या चिनी पंथातल्या आठ अमर सिद्धांपैकी एक. आत्मा देह सोडून गेला, शिष्याला सांगितलं देह सात दिवस सांभाळ. शिष्याची आई आजारी, त्याने सहाव्याच दिवशी जाळून टाकला. परत आल्यावर शिरायला मिळालं ते एका लंगड्या भिकाऱ्याचं प्रेत. हातातल्या भोपळ्यात औषध आहे त्याच्या! शिवाय भोपळा म्हणजे 'हुलू', आणि 'फू-लू' म्हणजे सुख नि पद. आणि तुमचा लाफिंग बुद्धा ताओपंथी नाहीच, बुदाई नावाचा बौद्ध भिक्षू. तोही झोळी घेऊन हिंडणाराच!

वास्तुसखी: ती पोस्ट माझी. पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशी ठेवा. मावसबहिणीने तो संच आणला आणि तीन महिन्यांत भावजींची नोकरी गेली. हा अनुभव आहे.

ठिकरी: मग संचातल्या त्साओ ग्वोच्यूला का नाही धरलं? राजाचा मेहुणा तो, वशिला त्याचाच.

नाथाघरचा: परकायाप्रवेश ना? मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात गेले, गोरक्षनाथ देह राखत बसले. सगळं इथूनच गेलंय तिकडे.

कडूकाढा: आलंच! चहासुद्धा आपणच पाठवला असेल. अहो, मच्छिंद्रनाथ आपणहून राजाच्या देहात गेले. ली त्येग्वाईला नाइलाजाने भिकाऱ्याचा देह घ्यावा लागला. मुद्दाच उलटा आहे.

नाथाघरचा: देह राखणारा शिष्य दोन्हीकडे आहे. त्यावर बोला.

कडूकाढा: एक देह राखतो, दुसरा जाळतो. एवढा फरक दिसत नसेल तर काय बोलायचं?

नाथाघरचा: उपहास सोडून काही येतं का तुम्हाला?

जुनाबाजार: भांडा तुम्ही. मी पोळलोय, ते ऐका. एका दुकानदाराने बुडाखालचा कांगशीचा शिक्का दाखवून ल्यू दोंगबिन, आठांतलाच तलवारवाला अमर, गळ्यात मारला. कांगशी बादशहा १७२२ साली गेला, पण त्याच्या नावाचे शिक्के पुढे कितीतरी वर्षं मारत राहिले, हे मला कुठे ठाऊक? घरी येऊन पाहतो तर पाठीवर तलवार आणि हातात बासरी! बासरी दुसऱ्या अमराची, हान शियांगत्सची. बोटं आधी तुटतात, मग डागडुजी करणारा हाताशी येईल ते चिकटवतो. कसली प्रतीकं वाचता?

ठिकरी: हे मात्र खरं. पण पाठीवरची तलवार ओळखलीत म्हणूनच फसवणूक कळली ना?

जुनाबाजार: कळली, पैसे देऊन झाल्यावर. तुमच्या ज्ञानाचा मोठाच आधार वाटला तेव्हा.

देवघर_नव्हे_शोकेस: आमच्याकडे चीनमधल्या देहुआचा पांढराशुभ्र अमर एक आहे, रंग नाही, नुसती झिलई. हनुवटीला भोकं दिसली म्हणून सासूबाई म्हणाल्या, वाळवी लागली! चिनी मातीला!! खऱ्या केसांची दाढी बसवायला असतात ती.

वास्तुसखी: बरं बाई, तुमचा ली राहू दे संचात. मी मात्र मागच्या रांगेत ठेवणार.

ठिकरी: खुशाल ठेवा. पुसताना कुबडी सांभाळा, ती मोडली तर खरंच भिकारी दिसेल.

नाथाघरचा: शिष्याच्या मुद्द्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.