सल्ला हवा: मानेतल्या गाठीसाठी सीबीनॅट की पीसीआर? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाई (वय ६२, राहणार दिंडोरी) यांच्या मानेला उजव्या बाजूला गाठ आली आहे. दुखत नाही, पण वाढतेय. संध्याकाळी अंगात कणकण असते, वजनही उतरलंय. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक देऊन पाहिलं, फरक पडला नाही. आता गंगापूर रोडच्या एका सर्जनना दाखवलं. टीबीची गाठ असू शकते, सुईने नमुना घेऊ आणि डीएनए टेस्टला पाठवू, असं ते म्हणाले. डीएनए म्हटल्यावर सासरे घाबरलेत, हे आनुवंशिक तर नाही ना, मुलांना येणार का, असं सारखं विचारतात. त्यात एकाने सीबीनॅट सांगितलं, दुसऱ्याने ट्रूनॅट, लॅबवाला टीबी पीसीआर म्हणतो. यात फरक काय? सरकारीत करावी की बाहेर? आणि निगेटिव्ह आली तर टीबी नाही असं धरून चालायचं का? नाशिकमध्ये अनुभव घेतलेल्यांनी कृपया सांगा.

पंचवटीकर
ताई, आधी सरकारीत विचारा. माझ्या मेव्हण्याची टेस्ट तशीच झाली, एक पैसा लागला नाही. औषधं खासगी डॉक्टरांकडून घेत असलात तरी टीबीची तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सर्जनची चिठ्ठी आणि आधार कार्ड घेऊन जिल्हा क्षयरोग केंद्रात जा. नाशिक रोडकडे राहत असाल तर बिटको हॉस्पिटलमध्ये आधी चौकशी करा, फेरा वाचेल. कुठे जायचं कळत नसेल तर निक्षयचा (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीचा) टोल फ्री नंबर आहे, १८००-११-६६६६.

प्लेटवाला
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सासऱ्यांना पहिल्यांदा हे सांगा की यात सासूबाईंचा डीएनए कोणी बघत नाही. बघतात तो जंतूचा. नमुन्यात टीबीच्या जंतूचा ठरावीक जनुकतुकडा असेल तर मशीन त्याच्या प्रती काढत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार, अशा ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०० कोटींहून जास्त प्रती होतात. तुकडाच नसेल तर काहीच वाढत नाही. पीसीआर म्हणजे हेच. सीबीनॅट आणि ट्रूनॅट हे त्याच तत्त्वावर चालणारे दोन तयार संच. ट्रूनॅट गोव्याच्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी दिसतं. गाठीच्या नमुन्यासाठी मात्र सीबीनॅटच मागा. नुसतं ‘टीबी पीसीआर’ म्हणून लॅब आपापल्या पद्धतीने जे करतात, त्याचा दर्जा लॅबगणिक बदलतो.

सीबीनॅटचा मोठा फायदा म्हणजे जंतू आहे की नाही याबरोबर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही त्याच फेरीत कळतं. जंतूच्या आरपीओबी जनुकातला ८१ अक्षरांचा एक पट्टा आहे. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमध्ये बदल तिथेच सापडतो. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचं मात्र साध्या सीबीनॅटमध्ये कळत नाही, त्यासाठी एलपीए नावाची वेगळी जनुकीय टेस्ट असते.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे साधारण १०,००० लागतात. सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजला (नमुना घालायच्या डबीला) सुमारे १३० पुरतात, अल्ट्रा या नव्या कार्ट्रिजला १६ च्या आसपास. गाठीत जंतू मुळातच थोडे असतात, त्यामुळे हा फरक तुमच्या कामाचा. मशीनमध्ये घातल्यापासून दोनेक तासांत उत्तर येतं. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, सहा आठवडेही लागू शकतात.

सिन्नरची_मनीषा
माझं एक कळकळीचं सांगणं. नमुना कशात जातोय ते स्वतः बघा! माझ्या बहिणीची गाठ ऑपरेशन करून काढली आणि अख्खी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बायोप्सी रिपोर्टमध्ये टीबीसारखं दिसतंय असं आलं, पण औषध लागू पडेल का हे शोधायला नमुनाच उरला नव्हता. पुन्हा सुई टोचावी लागली. ती बिचारी रडत होती.

प्लेटवाला
मनीषाताईंचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, म्हणजे कल्चर गेलंच. डीएनएचेही तुकडे होतात. गोदाकाठची, तुम्ही सर्जनना सरळ म्हणा, ‘डॉक्टर, एक भाग स्लाइडसाठी घ्या आणि एक भाग नॉर्मल सलाइनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरला.’ डॉक्टर रागावणार नाहीत. सलाइनची ट्यूब स्क्रू कॅपची, निर्जंतुक हवी. वर नाव, तारीख आणि ‘मानेतली गाठ, उजवी बाजू’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘पस’ लिहून आलेल्या ट्यूब आमच्याकडे रोज येतात आणि मग फोनाफोनी होते. नमुना त्याच दिवशी पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको.

अंबड_एमआयडीसी
एवढं कशाला? रक्ताची टीबी गोल्ड करून टाका, कुठल्याही लॅबमध्ये होते. आमच्या कंपनीच्या डॉक्टरांनी माझी केली होती.

प्लेटवाला
दादा, टीबी गोल्डने एवढंच कळतं की शरीराचा कधीतरी या जंतूशी संबंध आला आहे. आपल्या देशात ती पॉझिटिव्ह येणारे धडधाकट लोक कितीतरी सापडतील. आत्ता गाठीत टीबी आहे का, हे त्यावरून ठरत नाही. रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबी ठरवणाऱ्या किटवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. जिथे आजार आहे तिथलाच नमुना हवा.

आता निगेटिव्हबद्दल. गाठीच्या नमुन्यात सीबीनॅट चांगलं चालतं, तरी निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच असं म्हणता येत नाही. सुईत जेवढं आलं त्यात जंतू नसतील, एवढाच अर्थ. म्हणून स्लाइड आणि कल्चरही हवं. गाठ दुसऱ्या कशाची, अगदी कॅन्सरचीही असू शकते, तेही स्लाइडवर कळतं. छातीत झालेल्या पाण्यात तर सीबीनॅट फारच कमी पडतं. ज्यांच्या कल्चरमध्ये जंतू उगवतो, अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे त्यात निसटतात.

इंदिरानगर
थोडं अवांतर. माझ्या भाचीला मूल राहत नाही म्हणून गर्भाशयाच्या अस्तराची टीबी पीसीआर केली, पॉझिटिव्ह आली. लगेच औषधं सुरू करायला सांगताहेत. बाकी सगळं नॉर्मल आहे. काय करावं?

प्लेटवाला
नुसत्या पीसीआरवर सहा महिन्यांची औषधं सुरू करू नयेत. या नमुन्यात खोटे पॉझिटिव्ह येतात. लॅबमध्ये आधीच्या नमुन्याचा कणभर डीएनए उडाला तरी पुरतो. पोटात दुर्बीण घालून काय दिसलं, कल्चर आणि बायोप्सीत काय आलं, ते मांडून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जनना तुम्ही लिहिलंय तसंच सांगितलं, त्यांनी लगेच सलाइनची ट्यूब वेगळी घेतली. रिपोर्ट आला: एमटीबी डिटेक्टेड, लो. रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड. म्हणजे टीबीचा जंतू थोड्या प्रमाणात सापडला, आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा बदल त्यात दिसला नाही. स्लाइडही टीबीचीच. निक्षयवर नाव नोंदवलं, गोळ्या सुरू झाल्या. दोन शंका आहेत. बरं झालं का ते बघायला हीच टेस्ट पुन्हा करायची का? आणि घरात तीन वर्षांचा नातू आहे, तो दिवसभर आजीच्याच मांडीवर असतो.

पंचवटीकर
निदान झालं हे फार बरं झालं ताई. निक्षयवर बँक खातं जोडलं का ते बघा. पोषण आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दुप्पट झाली आहे.

प्लेटवाला
पुन्हा सीबीनॅट नको. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्यात पकडला जातो, म्हणजे बरं होत असतानाही पॉझिटिव्ह येईल आणि घरात उगाच घबराट. गाठीच्या टीबीत वजन, ताप आणि गाठीचा आकार यावरून डॉक्टर ठरवतात. आणखी एक, औषधं चालू असताना गाठ मधेच थोडी वाढू शकते किंवा दुसरी येऊ शकते. डॉक्टरांना लगेच दाखवा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

नातवाचं म्हणाल तर गाठीतला टीबी जवळ बसल्याने लागत नाही, फुप्फुसातला लागतो. म्हणून सासूबाईंचा छातीचा एक्स-रे झाला नसेल तर उद्याच काढा, खोकला असेल तर थुंकीही तपासा. फुप्फुसात काही निघालं तर पाच वर्षांखालच्या मुलाला आधी तपासून प्रतिबंधक औषध देतात, ते क्षयरोग केंद्रातच मिळतं. सासूबाईंची शुगर आणि एचआयव्ही तिथे तपासतील, तेही करून घ्या.

गोदाकाठची
एक्स-रे राहिलाय. उद्या सकाळीच घेऊन जाते.