मुख्य आवृत्ती बदलताना डंप आणि रिस्टोअरचाच मार्ग का धरावा

धागालेखक :
पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरला जशीच्या तशी चालत नाही. अशा वेळी पीजी_डंपने डेटा बाहेर काढून नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करता (पुन्हा भरता) येतो, किंवा पीजी_अपग्रेडने जुन्याच फायली नव्या आवृत्तीखाली आणता येतात. सर्व्हर बंद ठेवण्यास पुरेसा वेळ मिळत असेल तर पहिलाच मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे. डंप प्रत्येक ओळ वाचतो आणि रिस्टोअर प्रत्येक इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची) नव्याने बांधतो. २०१८ मध्ये लिनक्समधील जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम बदलूनही इंडेक्स पुन्हा न बांधलेल्या डेटाबेसमध्ये युनिक निर्बंध (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम) असताना दुहेरी ओळी शिरण्याची वाट मोकळी झाली. पीजी_अपग्रेड असा दोष मुकाट्याने पुढे नेतो. रिस्टोअर मात्र युनिक इंडेक्स बांधताना तिथेच थांबतो आणि दोष दाखवून देतो.

पहिला प्रतिसाद :
असहमत. दोन टेराबाइटच्या डेटाबेसवर हे करून पाहावे. समांतर जॉब लावले तरी केवळ इंडेक्स बांधण्यातच कित्येक तास जातात. पीजी_अपग्रेडचा लिंक पर्याय फायलींची प्रत न काढता हार्ड लिंक (त्याच फायलीला दुसरे नाव) वापरतो, म्हणून तेच काम काही मिनिटांत होते. इंडेक्सची तपासणी एएमचेक या पोस्टग्रेसक्यूएलच्याच साधनाने आधीच्या कोणत्याही दिवशी करता येते; त्यासाठी वापरकर्त्यांना ताटकळत ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा प्रतिसाद :
ती मिनिटे परतीचा रस्ता देऊन विकत घेतलेली आहेत, हे येथे स्पष्ट लिहायला हवे होते. लिंक पर्यायाने अपग्रेड करून नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना क्लस्टर (जुन्या सर्व्हरचे सारे डेटाबेस) सुरक्षितपणे चालू करता येत नाही. फाइल सिस्टीम साथ देत असेल तर फायलींची झटपट स्वतंत्र प्रत काढणारा क्लोन पर्याय जवळपास तितकाच वेगवान आहे आणि त्यात जुना क्लस्टर अबाधित राहतो.

धागालेखक :
एएमचेकचा मुद्दा मान्य आहे. तरीही गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची ३१ जानेवारी २०१७ ची घटना आठवावी. त्यांचा डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता, पण बॅकअपसाठी ९.२ चा पीजी_डंप चालत होता. तो प्रत्येक वेळी अपयशी ठरत होता आणि त्याची सूचना देणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. चुकून डेटा पुसला गेला तेव्हा सुमारे सहा तास जुना स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणीची प्रत) कामी आला. डंपच्या मार्गाने जाणाऱ्याला रिस्टोअर करून पाहावेच लागते, म्हणून अशी चूक त्याच्यापासून फार काळ लपत नाही. पीजी_डंप रोल (डेटाबेसची वापरकर्ता खाती) सोबत नेत नाही, त्यासाठी पीजी_डंपऑल लागतो, हेही रंगीत तालमीतच ध्यानात येते.

तिसरा प्रतिसाद :
या चर्चेत अपग्रेडनंतरच्या पहिल्या तासाचा विचार कोणीच केलेला नाही. नव्या सर्व्हरवर लोकांनी नोंदी केल्या की जुना क्लस्टर आणि तुमचा डंप दोन्ही शिळे होतात, आणि मागे फिरायचे तर त्या नोंदींवर पाणी सोडावे लागते. दहाव्या आवृत्तीपासून लॉजिकल रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरील नोंदी दुसऱ्याकडे सतत पाठवत राहणे) अंगभूत आहे. बदल झाल्यावर त्याची दिशा उलटी केली, तर जुना सर्व्हरही नव्या नोंदी घेत राहतो. स्कीमातील (तक्त्यांच्या रचनेतील) बदल मात्र त्यातून जात नाहीत आणि प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेल्या तक्त्यांची वेगळी सोय करावी लागते.

धागालेखक :
हा आक्षेप रास्त आहे. मोठ्या आणि अखंड लिहिल्या जाणाऱ्या डेटाबेससाठी मी माझे मत मागे घेतो. रात्रीतून रिस्टोअर होऊ शकणाऱ्या डेटाबेससाठी मात्र ते कायम आहे, फक्त डंप नव्या आवृत्तीच्या साधनाने काढावा आणि रिस्टोअर संपताच डेटाची आकडेवारी गोळा करणारे ॲनालाइझ चालवावे, नाहीतर आकडेवारीअभावी प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) चुकीचे मार्ग निवडतो आणि सकाळी सारा दोष नव्या आवृत्तीच्या माथी येतो.