उपकेंद्रातली लस आणि 'वाया गेलेली' बाटली
वर एका प्रतिसादात विचारलंय, की लसीकरणाच्या दिवशी आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएम (आरोग्यसेविका) सिस्टरांनी गोवर-रुबेलाची अर्धी बाटली टाकून का दिली. तो निष्काळजीपणा नाही, नियमच तसा आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेला या कोरड्या पावडरच्या लसी. द्रावण मिसळलं की चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, बाटली बाद. त्यात जंतुनाशक नसतं. उशिरा टोचली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून सिस्टर मिसळल्याची वेळ लेबलवर लिहितात. ती जरूर बघा. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) यांची उघडलेली बाटली मात्र, नीट थंड राहिली असेल तर, २८ दिवस चालते.

खरी गफलत सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. डीप फ्रीजरमधले चार आइसपॅक घाईघाईत थेट कॅरिअरमध्ये, म्हणजे लस उपकेंद्रात नेण्याच्या थंड डब्यात, भरतात. पेंटाव्हॅलंट, टीडी गोठल्या की निकामी, आणि बाटलीवरचा व्हीव्हीएमचा (रंग बदलणाऱ्या खुणेचा) चौकोन लसीला लागलेली उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही! आइसपॅक बाहेर ठेवून त्याला घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरायचा.

द्रावणही त्याच कंपनीचं आणि लसीइतकंच थंड हवं. टोचल्यावर अर्धा तास थांबवतात तेही रिॲक्शन आली तर हाताशी उपाय असावा म्हणून. सिस्टरांशी वाद घालून बाळाला लवकर नेऊ नका.