मदत हवी आहे: ताप + प्लेटलेट कमी, आणि माझा कायम डेंग्यूच!

नमस्कार मंडळी. फायनल इयरला आहे, मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला पाच आठवडे उरलेत. प्रिलिमला मिळालेली केस: ३४ वर्षांचा भातशेती करणारा माणूस, सहा दिवस ताप, अंग ठणकतंय, डोळे लाल, दोन दिवसांपासून लघवी पिवळी. प्लेटलेट ४८,०००. मी छातीठोकपणे डेंग्यू म्हटलं. सरांनी एवढंच विचारलं, "पोटऱ्या दाबून बघितल्यास?" नव्हत्या बघितल्या. पुढची दहा मिनिटं आठवायची इच्छा नाही.

डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा), स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा) असे चारही सुटे सुटे पाठ आहेत. पण पेशंट समोर आला की सगळ्यांनाच ताप, सगळ्यांचंच डोकं दुखतं आणि प्लेटलेट सगळ्यांच्याच खाली. क्रम कसा लावायचा? एनएस१ (डेंग्यूची सुरुवातीची रक्ततपासणी) निगेटिव्ह होता, मग डेंग्यू कापायचा का? 'ठोकळा परत वाच' सोडून काहीही सांगा.

रात्रपाळी:
प्लेटलेटपासून सुरुवात केलीस तिथेच फसलीस. आधी विचार, तापाचा आज कितवा दिवस? एनएस१ पहिल्या पाच दिवसांत कामाचा. सहाव्या दिवशी तो निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू सुटत नाही, तिथे आयजीएम एलायझा, म्हणजे अँटीबॉडीची तपासणी.

पण तुझ्या केसमधली खरी खूण कावीळ आहे. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) भरपूर वर आणि एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम मात्र थोडीशीच वाढलेली, असं दिसलं की लेप्टो. सरांनी पोटऱ्या विचारल्या त्याही म्हणूनच, लेप्टोत त्या दाबल्यावर दुखतात. डेंग्यूत बहुधा उलटं: एन्झाइम चढतात, त्यातही एसजीओटी जास्त, आणि बिलिरुबिन साधारण जागेवर. पांढऱ्या पेशी बघ, डेंग्यूत कमी होतात, लेप्टोत त्यांतल्या न्यूट्रोफिल वाढतात. डोळ्यांची लालीही नीट बघायची. लेप्टोत डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. आणि परीक्षकांचा लाडका प्रश्न: क्रिएटिनिन वाढलंय (म्हणजे किडनी बिघडलीय) तरी पोटॅशियम नॉर्मल किंवा कमी, असं कुठे? लेप्टोच. बाकी किडनी बिघाडात पोटॅशियम चढायची भीती असते.

शेतात पाय चिखलात होते का, पायाला जखम होती का, हे विचारलंस का? मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली ती याच वाटेने, साचलेल्या पाण्यातून.

वऱ्हाडी_रेसिडेंट:
स्क्रब विसरू नका हो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे किती पेशंट होते! एस्कार, म्हणजे किडा चावल्या जागेचा व्रण, शोधायचा तर कपडे काढून शोधा. काख, जांघ, स्तनाखाली, करगोट्याखाली. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपला, दुखत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून सांगत नाही. सापडला तर सोनं, पण नाही सापडला म्हणून स्क्रब नाही असं बोलायचं नाही.

संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. लेप्टोवरही तेच चालतं. कावीळ-किडनीवाल्या गंभीर लेप्टोला मात्र शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन म्हणा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार! बिलिरुबिन ९ होतं, एसजीपीटी ११०. समोर ठेवलेलं होतं हो. मलेरियाचा स्मिअर (काचेवरचा रक्ताचा थेंब) एकदा निगेटिव्ह आला होता, तो तरी सोडू?

रात्रपाळी:
एका स्मिअरवर मुळीच नाही. फाल्सिपेरम या गंभीर मलेरियातही कावीळ होते, किडनी बसते. परत पाठव. आणि पुढचा सापळा आताच सांगतो, "४८,००० आहेत, प्लेटलेट चढवशील?" रक्तस्राव नसेल तर नाही. नुसत्या आकड्यासाठी चढवायच्या तर १०,००० च्या खाली गेल्यावर विचार. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा प्लाझ्मा (रक्तातलं पाणी) रक्तवाहिन्यांतून गळून, आणि तेही ताप उतरताना, घरचे 'बरं वाटतंय' म्हणत असतात तेव्हा. हिमॅटोक्रिट (रक्ताचा घट्टपणा) चढतंय का, पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, यावर बोललीस की परीक्षक गप्प.

धागाकर्ती:
लेप्टो आयजीएम पॉझिटिव्ह आला. काल दुसऱ्या वॉर्डात शॉर्ट केसला मधुमेहाच्या आजी मिळाल्या. सवयीने आधी पोटऱ्याच दाबल्या. आजी म्हणाल्या, "बाळा, आणखी जरा जोरात दाब, बरं वाटतंय."