मदत हवी आहे: विहिरीवरच्या जुन्या लोखंडी चौकटीला वेल्डिंग धरत नाही

मंडळी, घर देवगडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. विहिरीवर आजोबांनी बसवलेली 6 मिमी अँगलची चौकट आहे, तिच्यावर कप्पी. एक पाय जमिनीलगत गंजून गेलाय. आई रोज त्याच कप्पीने पाणी काढते, त्यामुळे वरवर चिकटवून मला चालणार नाही.

वेल्डिंगचं मशीन 200 अँपिअरचं इन्व्हर्टर, रॉड 6013 (नेहमीच्या कामाचा साधा रॉड), 3.15 मिमीचा, करंट 110 अँपिअर. वायर ब्रशने घासून वेल्डिंग मारलं. स्लॅग (वेल्डवर जमणारी काचेसारखी खपली) झाडला तर खाली सुईने टोचल्यासारखी भोकं. पुन्हा मारलं, तर तिसऱ्या दिवशी मण्याच्या, म्हणजे वेल्डच्या उंचवट्याच्या, कडेने चीर गेली. तेव्हापासून कप्पी बंद, पाणी शेजारून आणतोय.

अर्थिंगचा क्लॅम्प आधी गंजावरच लावला होता. स्वच्छ जागी लावल्यावर आर्क स्थिर झाला, भोकं मात्र राहिली. त्याच रॉडने नव्या पट्टीवर मारून पाहिलं, तिथे दोन-तीनच भोकं. पुडकं मे महिन्यात फोडलेलं, अख्खा आषाढ पडवीत पडून होतं, म्हणजे रॉड थोडा ओलावलाय. पण मुख्य दोष लोखंडातच दिसतो.

वायर ब्रशने गंज निघत नाही, नुसता चकचकीत होतो, हे मला उशिरा कळलं. मग ग्राइंडिंग डिस्क लावली, तर खड्ड्यांत काळे ठिपके. रात्रभर ठेवलं की सकाळी तेच ठिपके पुन्हा तांबडे, खारटपणा आत मुरलाय. खड्ड्यांच्या तळापर्यंत घासलं तर जेमतेम 3 मिमी उरतं आणि 110 वर भोक पडतं. गॅसने तापवलं तेव्हा पाणी सुटलं. ते ज्वाळेतलं बाष्प असतं, आणखी तापवलं की उडतं, तेव्हा त्याने घाबरलो नाही.

जुना रंग शेंदराचा आहे, म्हणजे शिसं. तो मास्क लावून, ओला करून खरवडला. कुणी करणार असाल तर कोरडा घासू नका, त्याच्यावर वेल्डिंगही नको.

गावातले एक जुने फॅब्रिकेटर म्हणाले, "ह्या लोखंडात आता जीव रवलो नाय, काप आणि नवा घाल." मलाही तेच पटतंय. पण कापायचं किती वर? हातोडी मारली की खाली बद्द आवाज येतो, वीतभर वर खणखणीत. तेवढा भरवसा पुरे का? की चांगली जाडी लागेपर्यंत वर जाऊ?

दुसरं, नवा अँगल जुन्यावर चढवून जोडू, की टोकाला टोक लावून, कडा तिरक्या घासून? चढवला तर मधल्या फटीत खारं पाणी बसेल अशी भीती वाटते. आणि रॉड 6013 च सुकवून वापरू की 7018 (कमी हायड्रोजनचा, जास्त मजबूत जोडाचा रॉड) घेऊ? 7018 ओलावा घालवण्यासाठी भाजायला 300 अंशांच्या वर ताप लागतो, माझ्याकडे तशी भट्टी नाही.

गणपतीला चाकरमानी येतील, घरात वीस माणसं होतील. तोवर कप्पी चालू करायची आहे. कुणी खाऱ्या हवेतल्या लोखंडावर काम केलं असेल तर कृपया सांगा.